काठावरून : वर ऊन, खाली बर्फाचं पाणी

होळी झाली की या सदराच्या टपालाची चव बदलते. हिवाळाभर गुडघेदुखीची आणि 'पन्नाशीत पोहायला शिकता येईल का' अशी पत्रं येतात. आता सुट्ट्यांची येऊ लागली. यंदा गंमत अशी, की त्यातली बरीचशी नाशिकच्या पाण्याबद्दल नाहीतच. कुणाचा मुलगा कॅनडात, कुणाची चारधाम यात्रा, कुणाच्या शाळेची सहल हरिद्वारला. सगळ्या नद्या उत्तरेकडच्या, डोंगरावरचा बर्फ घेऊन उतरणाऱ्या. मी एकतीस वर्षं नाशिकच्या जलतरण तलावावर बायकांच्या आणि लहान मुलांच्या बॅचेस घेतल्या. त्याआधी लहानपणी आनंदवल्लीच्या बाजूला पाठीला तुपाचा रिकामा डबा बांधून गोदावरीत शिकले. गार नदीबद्दल मला जे कळतं ते मात्र थोडं वाचलेलं आणि बरंचसं स्वतःच्या फजितीतलं आहे.

प्रश्न : ताई, माझा मुलगा कॅनडात कॅलगरीला शिकतो. तिथल्या बो नदीत रबरी तराफ्यावर बसून गावातून तरंगत जायची पद्धत आहे म्हणे. परीक्षा संपली की मे-अखेरीस चौघे मित्र जाणार आहेत. 'आई, तेव्हा इथे २५ अंशांपर्यंत ऊन असतं, नाशिकच्या डिसेंबरच्या दुपारपेक्षा काय वेगळं?' असं म्हणतो. नाशिकच्या तलावावर शिकलाय, एका दमात दहा लांब्या मारायचा. मी उगाच घाबरतेय का? — सौ. प. कु., नाशिकरोड

उत्तर : उगाच नाही. मे-अखेरीस त्याने जाऊ नये. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टात गेला तर अंगात लाइफ जॅकेट हवं, तराफ्यात नुसतं ठेवलेलं नको. एवढं आधी त्याला फोन करून सांगा आणि मग पुढचं वाचा.

बो नदी रॉकी पर्वतात, बँफच्या राष्ट्रीय उद्यानात उगम पावते. वर बो हिमनदी, तिच्या पायथ्याशी बो सरोवर, आणि तिथून बँफ, कॅनमोर करत ती कॅलगरीत शिरते. हिवाळाभर साठलेला बर्फ मे-जूनच्या उन्हात वितळतो आणि नदी वर्षात सगळ्यात जास्त फुगते ती जूनमध्ये. २०१३ च्या जूनमध्ये वितळता बर्फ आणि मुसळधार पाऊस एकत्र आले तेव्हा याच नदीने कॅलगरीचा मधला भाग पाण्याखाली घातला होता. आपल्याकडे जूनचं पाणी आभाळातून येतं, तिकडे डोंगरावरून. ऊन जितकं चढेल तितकं बर्फाचं पाणी जास्त. हे आपल्या डोक्यात बसतच नाही, कारण आपण उन्हाळा म्हटलं की विहिरीचा तळ दिसलेला बघितलाय.

तिथल्या पाण्याचं वर्ष साधारण असं असतं : हिवाळ्यात बर्फाच्या थराखाली शून्याला टेकलेलं, मे महिन्यात ८-१० अंश, जूनमध्ये १०-१२, आणि जुलैअखेर ते ऑगस्ट हा त्यातल्या त्यात बरा काळ, म्हणजे १४ ते १६. सप्टेंबर लागला की उतरण सुरू. ट्राउट माशासाठी ही नदी प्रसिद्ध आहे, आणि ट्राउट हा गार पाण्याचा मासा. जिथे तो खुशीत आहे तिथे आपण खुशीत असणार नाही, असं मी धरून चालते. तुमचा मुलगा जिथे शिकला तो तलाव एप्रिल-मेमध्ये २८-२९ अंशांवर असतो. मे महिन्यातली बो म्हणजे फ्रिजमधून काढून दहा मिनिटं ओट्यावर ठेवलेली पाण्याची बाटली. त्या बाटलीत पूर्ण उतरायचंय.

आता फजिती. माझी मुलगी कॅलगरीलाच असते. २०१७ च्या जूनमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा नदीकाठच्या बागेत सगळे बसलो होतो. २७ अंश ऊन, लोक उघड्या अंगाने गवतावर पडलेले. नदीचा एक शांत फाटा आत वळलेला होता, कमरेएवढं पाणी, तळाचे गोटे दिसत होते. मुलगी म्हणाली, 'आई, नको, गार आहे.' मी म्हटलं, 'तू मला शिकवणार का?' घोट्याला पाणी लागलं तेव्हा चटका बसल्यासारखं झालं, पण एव्हाना जावई, नात, शेजारची दोन कुटुंबं बघत होती. मी कमरेपर्यंत गेले आणि सूर मारावा तसं अंग पुढे टाकलं.

श्वास आत गेला तो मी घेतला नव्हता, तो आपोआप ओढला गेला. तोंड सुदैवाने वर होतं. मग धापा सुरू झाल्या, इतक्या भराभर की बाहेर सोडायला सवडच मिळेना. आयुष्यभर मी मुलांना 'पाण्यात फुंकर मारा, फुंकर' असं ओरडत आले, आणि मला एक फुंकर मारता येईना. ब्रेस्टस्ट्रोकचे चार हात मारले असतील. पाय टेकत होते म्हणून उभी राहिले आणि बाहेर आले. पाण्यात सगळी मिळून चार-पाच मिनिटं गेली असतील, कारण अभिमानापोटी मी लगेच निघाले नाही, कमरेएवढ्या पाण्यात हसत उभी राहिले. बाहेर येऊन कोरडा शर्ट घातला आणि बटणं लागेनात. बोटं दिसत होती, हलत होती, पण बटण कुठे आहे ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी सात वर्षांच्या नातीने माझ्यासमोर उकिडवं बसून खालपासून वरपर्यंत बटणं लावली. कापरं भरलं ते त्यानंतर, दहा मिनिटांनी, गाडीत बसल्यावर. दुसऱ्या दिवशी मुलीच्या स्वयंपाकघरातला थर्मामीटर नेऊन त्याच जागी बुडवला : ११.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की माझं जे झालं ते अगदी क्रमाने झालं होतं. कॅनडातल्याच मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेक्ट स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून हे शिकवतात. त्यांचं सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे : १-१०-१. पहिलं एक मिनिट श्वासाचं, त्यात धाप आवरायची, बाकी काही करायचं नाही. पुढची दहा मिनिटं हातापायांची, तेवढ्यात काय ते धरायचं, चढायचं, बांधायचं, कारण मग बोटं आणि दंड बधिर होतात. आणि शेवटचा एक तास, त्यानंतर गारठ्याने शुद्ध जाते. हे आकडे बर्फासारख्या पाण्याचे, आणि माणसागणिक थोडे इकडेतिकडे होणारे. पण क्रम तोच. लोक भितात तो तिसऱ्या टप्प्याला, 'गारठून मरणं' म्हणतात त्याला. प्रत्यक्षात बरेच जण पहिल्या एक-दोन मिनिटांतच जातात, अंग अजून गरम असताना, कारण तो पहिला ओढलेला श्वास पाण्याखाली ओढला जातो. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर हा झटका जोरात बसतो. १० अंशांचं पाणी या बाबतीत शून्यापेक्षा फार मवाळ नसतं.

म्हणून तुमच्या मुलाच्या दहा लांब्यांचा मला धीर वाटत नाही, उलट काळजी वाटते. पट्टीचा पोहणारा जॅकेट काढून ठेवतो. पोहण्याचं कसब दंडात असतं, आणि गार पाण्यात दंड दहा मिनिटांत संपावर जातात; त्याही आधी श्वास जातो. जॅकेट ते पहिलं मिनिट तोंड वर धरतं. कॅलगरीत नदीवर तराफ्यात जाताना जॅकेट घालणं नियमानेच बंधनकारक आहे, दंड होतो. नदीचं पाणी धोक्याचं असेल तेव्हा तिथलं अग्निशमन दल न उतरण्याची सूचना काढतं. जायच्या सकाळी ती बघायची. चौघांचे तराफे एकमेकांना दोरीने बांधायचे नाहीत. ते पुलाच्या खांबाला दोन्ही बाजूंनी अडकतात आणि पाणी त्यांना तिथेच दुमडतं. बिअर नको, तिथे ती नदीवर बेकायदाही आहे. एका पिशवीत कोरडे कपडे, पिशवीचं तोंड आवळून.

तराफा उलटलाच तर? पहिलं मिनिट उताणं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि वर, डोकं मागे, हात पसरलेले, आणि तोंडाने लांब फुंकर. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाऊल गोट्यांत अडकलं की गुडघ्याएवढं पाणीही माणसाला पालथं घालतं. काठाला झाड पडून फांद्या पाण्यात आल्या असतील तर तिथून लांब. पाणी फांद्यांतून जातं, माणूस जात नाही. धाप ओसरली की मग काठाकडे तिरकं पोहायचं.

हिवाळ्याचं एक सांगून ठेवते, कारण तो अजून तिथे असणार. कॅलगरीला जानेवारीत कधी कधी डोंगरावरून चिनूक नावाचा गरम वारा उतरतो. उणे वीसची हवा काही तासांत शून्याच्या वर जाते, लोक स्वेटर काढून फिरतात, आणि गोठलेली नदी समोर पांढरीशुभ्र पसरलेली असते. त्या बर्फावर पाय ठेवायचा नाही. खालून प्रवाह चालू असतो, त्यामुळे नदीवरचा बर्फ एका जागी वीतभर आणि दोन पावलांवर बोटभर असतो. वरून बघून काही कळत नाही.

प्रश्न : आम्ही उभयता मे महिन्यात यात्रा कंपनीबरोबर हरिद्वार, ऋषिकेश, बद्रीनाथ करणार आहोत. माझं वय ७१, रक्तदाबाची गोळी चालू, बाकी ठणठणीत. तरुणपणी गांधी तलावात पोहलोय. गंगेत नुसत्या बुडक्या न मारता दोन हात मारावेत अशी फार इच्छा आहे. — व. ना. जो., पंचवटी

उत्तर : तुम्ही पंचवटीचे, म्हणजे तुमच्यासाठी 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे गोदावरीवर. नाव एक असलं म्हणून पाणी एक नाही. मे महिन्यात हरिद्वारला वर ३८-४० अंश ऊन असतं आणि गंगेचं पाणी त्याच्या निम्म्याच्याही खाली. वर देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात, दोन्ही हिमनद्यांतून आलेल्या. भागीरथीवर टिहरीचं धरण आहे, २६० मीटर उंच. एवढ्या खोल पाण्याचा तळ उन्हाळ्यातही गारच राहतो. वीज करण्यासाठी पाणी सोडलं की खालच्या घाटांवर पातळी वाढते, तीही आभाळ निरभ्र असताना. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो, कुठवर बुडाला ते. तिथे बघायला आपला मारुती नाही. पायरी मोजा : तुम्ही बसलात ती पायरी दहा मिनिटांत ओली झाली तर उठा.

दोन हात मारायची इच्छा मी मोडते आहे, राग मानू नका. गार पाण्याने एका क्षणात कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, नाडी पळते. त्याच वेळी तोंड पाण्यात गेलं तर शरीर उलट नाडी मंद करायला बघतं. हृदयाला एकदम दोन उलटे हुकूम. तरुण माणसाचं हृदय बहुतेक वेळा निभावून नेतं. ७१ व्या वर्षी, गोळी चालू असताना, ही परीक्षा द्यायची गरज नाही. निघण्याआधी डॉक्टरांना 'आंघोळ करू का' असं न विचारता 'पंधरा-सोळा अंशांच्या पाण्यात उतरू का' असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

आंघोळ मात्र जरूर करा, आणि आपल्या आजीने सांगितली तशी करा. घाटावर बसायचं, आधी पाय सोडायचे. तांब्याने पाणी पायांवर, मग हातांवर, मानेवर, तोंडावर, आणि दोन-तीन मिनिटांनी श्वास सरळ झाला की डोक्यावर. आजी याला शास्त्र म्हणायची. शरीराच्या दृष्टीने बघितलं तर हा गार पाण्याचा झटका हप्त्याहप्त्याने फेडण्याचा प्रकार आहे. मग साखळी धरून दोन बुडक्या. हर की पौडीच्या साखळ्या शोभेच्या नाहीत. एक हात साखळीला, दुसरा हात काकूंना. आणि सकाळी जा. दिवसभराच्या उन्हाने वर वितळलेलं पाणी खाली पोचायला वेळ लागतो, डोंगरातल्या घाटांवर दुपारनंतर ओढ वाढते.

बद्रीनाथला तप्तकुंडात छान शेकून घ्याल. तिथून बाहेर येऊन शेजारच्या अलकनंदेत 'एक बुडकी' हा मोह आवरा. कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, त्यांना तिथेच बर्फात घालू नये.

प्रश्न : मी तीन मित्रांबरोबर ऋषिकेशला राफ्टिंगला चाललोय. गाइड मध्येच शांत पाण्यात उड्या मारायला सांगतात म्हणे. माराव्या का? कुणी म्हणालं अंगाला मोहरीचं तेल चोपडायचं आणि थोडी ब्रँडी घ्यायची. — अ. भा., कॉलेज रोड

उत्तर : तेलाने कातडी घासत नाही, ऊब राहत नाही. ब्रँडीने ऊब वाटते आणि जाते, कारण ती कातडीकडचं रक्त वाढवते. आतली उष्णता बाहेर काढून द्यायचा तो सोपा मार्ग. शिवाय कुडकुडणं मंदावतं, आणि कुडकुडणं हीच तर शरीराची शेगडी.

उडी मारू नकोस, तराफ्याची कडा धरून घसरत उतर. जॅकेटचे पट्टे असे आवळलेले हवेत की मित्राने खांद्याला धरून वर ओढलं तर जॅकेट कानापर्यंत येता कामा नये. येत असेल तर ते तुझ्या मापाचं नाही, बदलून माग; लाजायचं नाही. गाइडने नाही म्हटलं तर नाही. पावसाळ्यात तिथलं राफ्टिंग बंद असतं, त्या दिवसांत कुणी 'आम्ही नेतो' म्हणालं तर त्याच्याबरोबर जाऊ नकोस.

आणि इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांची उदाहरणं तुम्ही मुलं देता, म्हणून सांगते. मिहिर सेन यांनी १९५८ मध्ये आणि आरती साहा यांनी १९५९ मध्ये ती पार केली. तिथलं पाणी उन्हाळ्यात १५ ते १८ अंश असतं. त्यासाठी खाडी पोहणारे महिनोन् महिने अंगाला गार पाण्याची सवय लावतात. सवय लागते हे खरं आहे. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातले माइक टिपटन यांच्या प्रयोगांत तीन-तीन मिनिटांच्या सहा बुडक्यांनीही पहिला झटका निम्म्याच्या आसपास आलेला दिसतो. तू विमानतळावरून थेट उतरणार आहेस.

प्रश्न : कार्तिकापासून माघापर्यंत मी पहाटे रामकुंडावर स्नानाला जाते. बाहेर दात वाजतात, पण पाणी कोमट लागतं, वाफा निघतात. मैत्रीण म्हणते ही कुंडाची महती. तुम्ही काय म्हणाल? — एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : महतीत मी पडत नाही. मागच्या डिसेंबरात पहाटे सहाला मी घाटावर मोजलं होतं : हवा ११, पाणी २०. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. दिवसभर खाल्लेलं ऊन ते रात्रभर पुरवून पुरवून सोडतं, हवा मात्र सूर्य बुडाल्यापासून दोन-तीन तासांत हात वर करते. त्या कोमट पाण्याची वाफ गार हवेत लागलीच धुकं होते. तो तुम्हाला दिसणारा धूर.

पण या कोमटपणानेच आपण नाशिककर फसतो, असं माझं मत आहे. जन्मभर आपल्याला पाणी हवेपेक्षा मऊ भेटतं, म्हणून आपण हवा बघून पाण्याचा अंदाज बांधतो. ऊन आहे ना, मग चला. माझ्या शर्टाच्या बटणांचं मूळ रामकुंडातच आहे म्हणा ना.

तुमच्यापुरतं : २० अंशांचं पाणीही अंगातली ऊब हवेपेक्षा पंचवीसपट वेगाने ओढतं, तेव्हा बुडक्या मारून गप्पा बाहेर मारा. ओल्या लुगड्यात वाऱ्यात उभ्या राहू नका, थंडी तिथे बाधते. आणि पायऱ्यांवरचं शेवाळ. घाटावर मी पडलेल्या बायका जितक्या पाहिल्यात, त्यातल्या बहुतेक पाण्यात पडल्या नव्हत्या, पाण्याकडे जाताना पडल्या होत्या.

प्रश्न : मी शिक्षक आहे. दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या चाळीस मुलांना हरिद्वार-ऋषिकेशला नेणार आहोत. मला पोहता येतं. एखादं मूल प्रवाहात गेलं तर मी उडी मारायची, बरोबर ना? — एक शिक्षक, सातपूर

उत्तर : नाही, सर. तुमच्या मागे एकोणचाळीस मुलं उभी आहेत, आणि त्यातली दोन-तीन तुमच्या पाठोपाठ उडी मारतील. बुडणारं मूल तुम्हाला धरत नाही, तुमच्यावर चढतं. पाणी गार असेल तर पहिल्या मिनिटाला तुम्हीच धापा टाकत असाल.

टाकण्यासारखं काहीतरी हातात ठेवा. पंधरा मीटर दोरी, तिच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन, आत वाटीभर पाणी म्हणजे फेकला की लांब जातो. सहलीच्या आधी शाळेच्या मैदानावर दहा वेळा फेकून बघा. पहिल्या पाच वेळा तो तुमच्याच पायात येईल. मुलाच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा, म्हणजे दोरी त्याच्या हाताशी पडते. ओढताना आडवं झोपा किंवा बसा, उभे राहू नका. काही नसेल तर साडी, ओढण्यांना गाठी, काठी, फांदी. आमच्या लहानपणी एका आजींनी नऊवारी सोडून फेकून एका मुलाला काढलं होतं. घाटावर परकर-चोळीत उभ्या होत्या आणि त्याला शिव्या घालत होत्या. त्यांना पोहता येत नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला ऋषिकेशला ऊन छान असतं पण नदीचं पाणी आणखी गार व्हायला लागलेलं असतं. घोट्याच्या वर कुणाला जाऊ देऊ नका, जोड्या लावा, आणि मोजणी पाण्यात जाण्याआधी व बाहेर आल्यावर.

बाहेर काढल्यावरचं. मूल श्वास घेत नसेल तर उलटं टांगणं, पोट दाबणं, पाणी काढणं, यात एक सेकंद घालवू नका. उताणं, हनुवटी वर, आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, असं मदत येईपर्यंत. एकाने ११२ लावायचा. हे हाताने शिकल्याशिवाय जमत नाही, दिवाळीआधी शिबिर करा. तुम्ही एकट्याने नाही, बरोबर येणाऱ्या सगळ्या शिक्षकांनी.

श्वास आहे पण गारठलंय, तर आडवंच ठेवा, चालवू नका. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, टोपी घाला. हातपाय चोळायचे नाहीत, एकदम कढत पाणीही ओतायचं नाही. बाहेर आल्यावरही अंगाचं तापमान थोडा वेळ खाली जातच राहतं, म्हणून 'आता बरं वाटतंय सर' असं म्हणणाऱ्याला लगेच सोडू नका. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तर गोड कोमट चहा. कपबशी त्याच्या हातात देऊ नका, तुम्ही धरा.

प्रश्न : मागे एका अंकात तुम्ही तुमच्या 'नाडीला बांधलेल्या थर्मामीटर'चा उल्लेख केला होता. तो कुठे मिळतो? — र. शि., गंगापूर रोड

उत्तर : मासे विकणाऱ्या दुकानात. खायचे नव्हेत, काचेच्या टाकीतले. टाकीत ठेवायचा काचेचा साधा थर्मामीटर मागा, महाग नसतो. परकराच्या नाडीने बांधा, दोन हात लांब. सावलीतलं, गुडघाभर खोलीचं पाणी निवडा आणि दोन मिनिटं तसाच राहू द्या. वाचायचा तो वाकून, पाण्यात असतानाच. वर काढून मग वाचलात तर तो हवेचा आकडा सांगायला लागतो.